उद्यांच्या चोरासाठीं आजचें कुलूप

इच्छापत्र, वैद्यकीय तपासण्यांचे अहवाल, मालमत्तेचीं कागदपत्रें हीं पूर्वीं घरांतील लोखंडी पेटींत असत. आतां त्यांच्या प्रती ‘क्लाउड’ नांवाच्या दूरस्थ भांडारांत ठेवल्या जातात, आणि त्या भांडारांच्या किल्ल्या सांभाळण्यासाठीं चालकांनीं स्वतंत्र किल्ली-सेवा उभारल्या आहेत. हीं कुलपें बदलण्याचें जें काम सध्यां चालू आहे, तें प्रत्येक सुशिक्षित कुटुंबानें समजून घ्यावें असें आहे.

१९७७ मध्यें रिव्हेस्ट, शमीर व ॲडलमन या त्रयीनें शोधिलेली आरएसए पद्धति एका साध्या गोष्टीवर उभी आहे. दोन प्रचंड मूळ संख्यांचा गुणाकार करणें सोपें; परंतु गुणाकारावरून त्या संख्या हुडकून काढणें अतिशय दुष्कर. १९९४ सालीं पीटर शोर यांनीं दाखविलें कीं, पुरेसा समर्थ क्वांटम संगणक निर्माण झाल्यास हें दुष्कर कार्य सुकर होईल. व्यवहारांतील किल्ल्या फोडील असा संगणक अद्याप कोणीं दाखविलेला नाहीं. मग घाई कशाला, असें कोणी विचारील.

घाई एवढ्याचसाठीं कीं, चोरानें पेटी आजच उघडली पाहिजे असें नाहीं. वाटेनें जाणारा बंद मजकूर तो आज टिपून ठेवील व यंत्र हातीं आल्यावर उघडील. चार दिवसांत शिळ्या होणाऱ्या निरोपाची चिंता नको. परंतु आनुवंशिक रोगाची नोंद नातवंडांच्या काळींही गुप्त राहावयास हवी. एकदां टिपला गेलेला मजकूर मागाहून कुलूप बदलल्यानें सुरक्षित होत नाहीं.

सर्वच कुलपें मोडकीं ठरणार असें मात्र नव्हे. भांडारांतील मजकूर ज्या एईएस-२५६ पद्धतीनें बंद करतात, ती क्वांटम यंत्रापुढेंही टिकेल असा तज्ज्ञांचा अभिप्राय आहे. धोका आहे तो किल्लीची ने-आण करणाऱ्या व सही पटविणाऱ्या पद्धतींना. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक व तंत्रज्ञान संस्थेनें २०१६ मध्यें यांकरितां नव्या पद्धति मागविल्या. त्यांतील ‘साइक’ नामक पद्धतीचा एक प्रकार, वर्षानुवर्षें तपासला जाऊनही, २०२२ मध्यें साध्या संगणकावर सुमारें तासाभरांत फुटला! खांब पुनःपुन्हां हालवून घट्ट बसविण्याचा स्थूणानिखननन्याय तो हाच. अखेर १३ ऑगस्ट २०२४ रोजीं तीन मानकें प्रसिद्ध झालीं; एमएल-केम हें किल्ली ठरविण्यासाठीं, उरलेलीं दोन सह्यांसाठीं.

नवी पद्धति कोवळी असल्यानें ती जुनीच्या जोडीनें वापरण्याची प्रथा पडत आहे. दोन्ही फुटल्यावांचून मजकूर उघडत नाहीं. ॲमेझॉनच्या किल्ली-सेवेशीं असें दुहेरी दळणवळण करतां येतें, आणि २०२५ पासून तेथें एमएल-डीएसए ही नवी सहीही मिळूं लागली आहे. याची किंमत आकारांत मोजावी लागते. एक्स२५५१९ या प्रचलित पद्धतीची उघडी किल्ली ३२ बाइटची, तर एमएल-केमच्या मधल्या प्रकाराची १,१८४ बाइटची आहे.

तथापि चालकानें नवें कुलूप आणलें म्हणजे काम संपलें, असें समजूं नये. ग्राहकाची संगणक-प्रणाली जुनी असेल, तर दोन्ही बाजू मुकाट्यानें जुन्याच पद्धतीवर येऊं शकतात व कोणास पत्ताही लागत नाहीं. म्हणून ज्या रुग्णालयांच्या व पेढ्यांच्या हातीं आपले कागद आहेत, त्यांनीं प्रथम आपल्याकडे कोणतीं गुपितें किती वर्षें टिकवावयाचीं आहेत व जुन्या किल्ल्या कोठें कोठें वापरांत आहेत, याची यादी करावी. आणि ती केली आहे काय, हें आपण त्यांस विचारावें. तहान लागल्यावर विहीर खणण्याची आपली संवय येथें उपयोगी पडणार नाहीं.