ज्याचे ओझे त्याच्या खांद्यावर



गेल्या पावसाळ्यातील गोष्ट. शाळेच्या वाचनालयातून नेलेले एक पुस्तक सातवीतील एका मुलाकडून शेताच्या बांधावर विसरून राहिले. रात्रभर पाऊस कोसळला व सकाळी पुस्तकाचा लगदा तेवढा हाती आला. दुसऱ्या दिवशी त्याचे वडील कामाचा खाडा करून आमच्याकडे आले, त्यांनी दिलगिरी दर्शविली आणि पुस्तकाची किंमत आमच्यापुढे ठेवली. आम्ही ती घेतली, वहीत 'भरपाई जमा' अशी नोंद केली व प्रकरण मिटले असे समजलो. मुलगा त्या वेळी मैदानावर खेळत होता.

महिना लोटतो न लोटतो तोच त्याच मुलाच्या हातून दुसरे पुस्तक फाटले. आम्ही विचारताच तो निःशंकपणे उत्तरला, "फादर, बाबा पैसे भरतील."

हे ऐकून प्रथम आम्हांस राग आला; पण थोडा विचार करता आमची आम्हांसच लाज वाटली. हा धडा त्याला शिकविला कोणी? बापाच्या मायेने आणि आमच्या वहीने!

या खेपेस आम्ही वडिलांकडून पैसे घेतले नाहीत. दोघांनी विचार करून असे ठरविले, की मुलाने शनिवारी शाळा सुटल्यावर तासभर बसून वाचनालयातील फाटकी पुस्तके दुरुस्त करावीत. पहिल्या शनिवारी खळ पातळ झाली आणि पाने एकमेकांस चिकटली. पुस्तक त्याच्या हातून काढून घेऊन आपणच नीट करावे, असा मोह आम्हांस झाला. तो मोठ्या कष्टाने आवरला. हळूहळू त्याचा हात बसला. नेमून दिलेली पुस्तके संपल्यावर एके दिवशी तो आपण होऊन एक पुस्तक घेऊन आला व म्हणाला, "याची शिवण उसवली आहे. मी नाही उसवली. पण मी शिवून देतो."

जबाबदारी म्हणतात ती हीच. चूक पदरी घेण्यापासून तिचा आरंभ होतो. परंतु 'हे माझे आहे, मीच सांभाळीन' असे मनाने म्हटल्यावाचून ती पुरी होत नाही.

हे मर्म कर्मवीर भाऊराव पाटील यांनी चांगले ओळखले होते. त्यांनी १९१९ साली सातारा जिल्ह्यातील काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापिली व १९२४ साली साताऱ्यास वसतिगृह काढले. तेथे निरनिराळ्या जातींची गरीब मुले एकत्र राहत. स्वयंपाक, झाडलोट व शेतातील कामे स्वतः करीत आणि शिकत. आपल्या शिक्षणाचा भार काही अंशी आपणच उचलीत आहोत, हे त्या मुलांस ठाऊक होते. म्हणून त्या कामात त्यांस कमीपणा वाटला नाही. उलट त्यातूनच त्यांचा कणा ताठ झाला.

आईबापांनो, याचा अर्थ मुलांवर मोठ्यांचे काम लादावे, किंवा सुगीसाठी त्यांची शाळा बुडवावी, असा कोणी घेऊ नये. ओझे खांद्याच्या मापाचे असावे. दप्तर भरणे, घरची कोंबडी सांजेस डालणे, धाकट्या भावंडाचा पाढा म्हणवून घेणे, असे एखादेच काम द्यावे. पण ते सर्वस्वी त्याचेच असू द्यावे. राहिले तर गुपचूप आपण उरकू नये. आणि मुलगा चूक कबूल करू लागला, की लगेच हात उगारू नये. खरे बोलताच मार मिळतो, हे एकदा कळले म्हणजे मूल चूक सुधारावयास नव्हे, लपवावयास शिकते.

शुभवर्तमानातील जक्कय आपणा सर्वांस ठाऊक आहे. ज्यांचे लुबाडले असेल त्यांस चौपट परत करीन, हे तो स्वतःच्या तोंडाने म्हणाला. त्याच्या वतीने दुसऱ्या कोणी भरपाई केली नाही. आपल्या मुलांचे शब्द आणि त्यांचे श्रम आपण मायेपोटी हिरावून घेऊ नयेत.

आमच्या वहीतील 'भरपाई जमा' ही नोंद आम्ही खोडलेली नाही. ती दिसली, की भरपाई कोणाची कोणी केली, हा प्रश्न आम्ही स्वतःस विचारतो.