तिसऱ्या तासाची मागणी

रविवारच्या आमच्या मराठी वर्गाची मुदत दोन तासांवरून तीन तासांवर न्यावी आणि वर्षाकाठी आणखी एक चाचणी घ्यावी, असा प्रस्ताव या आठवड्यात काही पालकांनी माझ्याकडे पाठविला. प्रस्तावामागची व्यथा खरी आहे. मुले धडे वाचतात, बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या अभ्यासक्रमाच्या परीक्षांत चांगले गुण मिळवितात, आणि घरी आईने मराठीत विचारलेल्या साध्या प्रश्नाचे उत्तर मात्र इंग्रजीत देतात. २०२४ च्या उन्हाळ्यात सॅन होजेला मंडळाचे अधिवेशन भरले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. या दोन्ही प्रसंगी ज्यांचा ऊर भरून आला, त्यांनाच हा प्रश्न रात्री छळतो, हे मी जाणते. त्या व्यथेचा मान राखूनच मला या प्रस्तावाला विरोध करावयाचा आहे.

प्रस्ताव मराठीत होता. परंतु तो रोमन अक्षरांत लिहिलेला होता. या विषयावर मी पूर्वी इतके लिहिले आहे की, वाचक आता पान उलटतील, तरीही सांगते. ज्या घरांत फोनवरचे संदेश देवनागरीत लिहिले जातात, त्या घरांतील मुले वर्गात अधिक मोकळेपणाने बोलतात, अशी माझी दृढ समजूत आहे. तिला प्रमाण द्यावयाचे तर माझ्या हजेरीपटापलीकडे माझ्याजवळ काही नाही. पण समजूत सोडण्याचे कारणही मला अद्याप दिसलेले नाही.

आता मूळ मुद्दा. ज्या घरांतून हा प्रस्ताव आला, त्यांपैकी बऱ्याच घरांत कुत्रा आहे. संध्याकाळी लास पाल्मास उद्यानात कुत्र्यांसाठी राखलेल्या कुंपणाशी उभे राहिले, तर आपल्या मंडळींपैकी कोणी ना कोणी भेटतेच. कुत्र्याच्या शिक्षणाचा बंदोबस्त या घरांनी किती निष्ठेने ठेवला आहे, हे मी अनेकदा पाहिले आहे आणि त्याचे मला मनापासून कौतुक वाटते. घरातल्या सर्वांनी एकच आज्ञा एकाच शब्दात द्यावयाची. धडा पाच-दहा मिनिटांचाच, पण दिवसातून अनेक वेळा घ्यावयाचा. पाहुणे आले म्हणून नियम मोडावयाचा नाही. चुकल्यास रागवावयाचे नाही, आणि साधल्यास त्याच क्षणी शाबासकी द्यावयाची, हे सारे दिवसभराच्या कचेरीने थकलेली माणसे पावसापाण्यातही पाळतात. कुत्र्याला आठवड्यातून एकदा शिक्षकाकडे नेऊन सोडावे आणि उरलेले सहा दिवस त्याच्याशी अवाक्षर बोलू नये, ही कल्पना त्यांतील कोणाच्या स्वप्नातही येणार नाही. मराठीच्या बाबतीत मात्र नेमकी तीच व्यवस्था आपण पत्करली आहे, आणि ती निष्फळ ठरताच शिक्षकाचा तास वाढवावयास निघालो आहोत.

ही तुलना मुलांना हीन लेखणारी वाटेल, या शंकेने मी ती पुष्कळ दिवस मनातच ठेवली होती. परंतु प्राण्यांना भाषा कशी उमगते याचा अभ्यास ज्यांनी केला, त्यांच्या कार्याकडे पाहिले म्हणजे तिच्यातील अवमानाचा भाग गळून पडतो. दक्षिण कॅरोलायना राज्यातील वॉफर्ड महाविद्यालयातून निवृत्त झालेले मानसशास्त्राचे प्राध्यापक जॉन पिली यांनी ‘चेसर’ नावाच्या कुत्रीला १,०२२ खेळण्यांची नावे शिकविली आणि २०११ मध्ये त्याचा वृत्तांत प्रसिद्ध केला. लोकांच्या स्मरणात हजाराचा आकडा राहिला. माझ्या स्मरणात राहिले ते हे की, तीन वर्षे, रोज चार-पाच तास, तो वृद्ध अध्यापक त्या कुत्रीशी बोलत आणि खेळत होता. दुसरा प्रयोग बुडापेस्टच्या विद्यापीठातला, आणि तो तर आम्हा स्थलांतरितांसाठीच केला असावा असा आहे. लॉरा क्वाया ही संशोधिका आपला ‘कुन-कुन’ हा कुत्रा घेऊन मेक्सिकोहून हंगेरीत राहावयास गेली. तोवर त्याने तिच्याकडून केवळ स्पॅनिश ऐकली होती. भोवतालचे लोक आता निराळी भाषा बोलतात, हे त्याला कळत असेल काय, असा प्रश्न तिला पडला. अठरा कुत्र्यांना मेंदूचे चित्रण करणाऱ्या यंत्रात निश्चल पडून राहण्याची सवय लावून तिने व तिच्या सहकाऱ्यांनी त्यांना एकच कथा स्पॅनिश व हंगेरियन अशा दोन भाषांत ऐकविली. परिचित भाषा आणि परकी भाषा यांना त्यांच्या मेंदूने दिलेला प्रतिसाद भिन्न आढळला, आणि कुत्रा जितका वयस्क, म्हणजे घरच्या भाषेचा सहवास जितका दीर्घ, तितका हा भेद अधिक स्पष्ट होता.

मनुष्याच्या बालकाविषयीचा पुरावा याहून जुना आहे. सिअ‍ॅटलच्या पॅट्रिशिया कूल यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात नऊ महिन्यांच्या अमेरिकन बालकांशी चिनी भाषकांनी बारा बैठकींत समक्ष खेळत-बोलत मँडरिन भाषेचा सहवास घडविला, तेव्हा त्या भाषेतील ध्वनिभेद त्या बालकांना ओळखता येऊ लागले. तेच बोलणे ज्यांना पडद्यावरून वा ध्वनिफितीवरून ऐकविले, त्यांना काहीच लाभले नाही. मराठी गाण्यांच्या चित्रफिती लावून स्वयंपाकघरात निश्चिंत होणाऱ्या मातापित्यांनी हा प्रयोग एकवार शांतपणे विचारात घ्यावा.

तथापि माझा विरोध या ग्रंथप्रामाण्यावर उभा नाही. वसंत ऋतूपासून माझ्या वर्गातील एका मुलीची आजी सांगलीकडून येथे आली आहे. सहा महिने तिचा मुक्काम. दिवसभर घरी ती आणि ‘कोको’ नावाचा कुत्रा, असे दोघेच. इंग्रजी तिला जेमतेम येते, रस्त्यावर कोणी बोलावयास भेटत नाही, म्हणून ती आपले सारे बोलणे कोकोशी बोलते: भाजी निवडताना, देवपूजेची तयारी करताना, गावाकडच्या भाऊबंदकीची कैफियत मांडताना. संध्याकाळी नात शाळेतून येते तेव्हाही हे संभाषण चालूच असते, आणि त्यात नातीला कोणी काही शिकवीत नाही. परवाच्या रविवारी ती मुलगी शेजारच्या मुलाला म्हणाली, “अरे, किती लुडबुड करतोस, जरा बाजूला हो की!” तो आर्जव-मिश्रित त्रागा आणि वाक्याच्या शेवटचा तो ‘की’ इतका अचूक पडला होता की, मी फळ्याकडून वळून पाहिले. हे कोणत्याही पाठ्यपुस्तकात नाही. विचारले, तर ती म्हणाली, “आजी कोकोला असंच म्हणते, बाई.”

मला माझे बालपण आठवले. वाईच्या खाली कृष्णाकाठी आमचे घर. पहाटे आई गोठ्यात कपिलेची धार काढीत असता तिच्याशी अखंड बोलत असे. कपिलेचे रुसणे, तिचा समजूतदारपणा, पावसाची लांबलेली तारीख, धाकट्या आत्याचे लग्न, या साऱ्याचा त्या बोलण्यात समावेश असे. वडील बैलांना औताला जुंपताना त्यांच्याशी निराळ्याच, भारदस्त सुरात बोलत. त्या बोलण्यातले एक वाक्यही आम्हा मुलांना उद्देशून नसे. आमची मराठी मात्र पुष्कळशी तेथेच घडली; कारण जे आपल्याला शिकविण्यासाठी उच्चारलेले नसते, त्यात माणसाचा राग, लोभ, काळजी अनावृत असते, आणि मूल आधी ती पकडते व मग तिच्या पाठोपाठ शब्द. माझी स्वतःची मांजर ‘मनी’ उत्तरपत्रिकांवर बसते, तेव्हा मी तिच्याशी मराठीतच बोलते, आणि दाराशी खेळणारी शेजारची मुले ते कान देऊन ऐकतात.

आक्षेप येतील. आई मराठी व वडील तेलुगू अशी घरे आपल्याकडे कमी नाहीत. तेथे प्रत्येकाने आपापली भाषा न संकोचता बोलावी, एवढेच सांगता येईल, आणि तसे केलेल्या घरांतील मुले दोन्ही भाषांत नीट रुळलेली मी पाहिली आहेत. सरकारचा अडथळा तर आता मुळीच सांगता येणार नाही. १९९८ मध्ये या राज्याच्या मतदारांनी सरकारी शाळांतील द्विभाषिक शिक्षणावर घातलेला निर्बंध त्यांनीच २०१६ मध्ये उठविला, आणि इंग्रजीखेरीज दुसरी भाषा अवगत असणाऱ्या विद्यार्थ्यांच्या प्रशस्तिपत्रावर अधिकृत मुद्रा उमटविण्याची तरतूद करणारा कायदा कॅलिफोर्नियाने, देशात सर्वप्रथम, २०११ मध्येच केला.

सबब माझा प्रतिप्रस्ताव असा. वर्ग दोन तासांचाच राहावा आणि चाचणी वाढू नये. त्यांतील दुसरा तास, उन्हाळ्यात येथे मुक्कामाला असलेल्या आजी-आजोबांना द्यावा. त्यांनी शिकवू नये, फळ्याशी उभे राहू नये, केवळ आपापसांत बोलावे, काही निवडावे, शिवावे, हवे तर पत्ते खेळावेत, आणि मुलांना त्यांच्याभोवती वावरू द्यावे. पालकांनी घरी रोज एक वेळ, मग ती न्याहारीची असो की कुत्र्याच्या फेरीची, पूर्णपणे मराठीला वाहावी आणि पाहुणे आले तरी ती मोडू नये. कोकोची आजी शरद ऋतूत परत जाईल, तेव्हा कोकोशी मराठी बोलण्याचे काम त्या मुलीच्या आईने पुढे चालवावे, असे मी त्यांना सुचविले असून त्यांनी ते मान्य केले आहे.

पालकांची बैठक येत्या रविवारी वर्ग सुटल्यावर आहे. तिसऱ्या तासाच्या बाजूने ज्यांना बोलावयाचे असेल, त्यांनीही अगत्याने यावे. हजेरीपट आणि मागील परीक्षांच्या उत्तरपत्रिका मी मेजावर ठेवीन. प्रस्ताव दुरुस्त करून पाठविणार असाल, तर तो देवनागरीत पाठवावा, ही विनंती.