पाण्याआधी हनुवटी

छत्रपती संभाजीनगरहून जालन्याकडे निघालेला रस्ता शेंद्र्याची औद्योगिक वसाहत मागे टाकून करमाडला येतो, तेव्हा पाळी संपवून परतणारे कामगार, जालन्याच्या लोखंडाने लादलेले ट्रक आणि मोटारसायकलवर खताचे पोते आडवे टाकून निघालेला शेतकरी अशी सारी मंडळी त्यावरून एकाच वेळी धावत असतात. आणि अशा रस्त्यावर एखादा इसम वाहनावरून फेकला जाऊन बेशुद्ध पडला, की जमलेल्या गर्दीच्या करुणेचा पहिला उद्गार ठरलेला असतो: ‘अरे, पाणी आणा, पाणी पाजा!’ या करुणेविषयी मला आदरच आहे. परंतु बेशुद्धाच्या मुखात ओतलेले पाणी फुप्फुसात उतरण्याचा धोका फार मोठा असतो, आणि ज्या क्षणी त्याची हनुवटी उचलावयाची त्याच क्षणी आपण त्याच्या ओठांना तांब्या लावीत असतो, हे लोकांना सांगणे ज्या विद्येचे कर्तव्य ती आपत्कालीन वैद्यकाची विद्या वैद्यकीय महाविद्यालयांच्या भिंतींआड कोंडून पडली आहे, अशी माझी फिर्याद आहे.

नाक आणि मुख यांच्या मागे असलेली ग्रसनी ही अन्न व वायू या दोघांची सामाईक वाट. तिच्या तळाशी पुढच्या बाजूस स्वरयंत्र व श्वासनलिका आणि मागच्या बाजूस अन्ननलिका असे दोन मार्ग फुटतात. शुद्धीवरचा मनुष्य घास गिळतो तेव्हा स्वरयंत्र वर उचलले जाते, त्याच्या तोंडावरचे पर्णाकृती कूर्चेचे झाकण मागे कलते, स्वररज्जू मिटतात आणि श्वास क्षणभर स्थगित होतो. इतकी दक्षता घेऊनही एखादा थेंब चुकलाच तर ठसका त्याला परतवून लावतो. शुद्ध हरपली की हा सारा बंदोबस्त मोडतो. जिभेला खालच्या जबड्याशी जखडून ठेवणारे स्नायू शिथिल होतात, उताण्या पडलेल्या माणसाची जीभ, मऊ टाळू आणि ते झाकण मागे ढळून घशाच्या भिंतीला भिडतात, आणि छाती हलताना दिसत असूनही वायू आत शिरत नाही. मार्ग अर्धवटच बंद झाला असेल तर घोरल्यासारखा आवाज येतो; तेव्हा गर्दीतील एखादा समंजस गृहस्थ ‘घोरतोय, म्हणजे झोप लागली’ असा निर्वाळा देऊन मोकळा होतो. हृदय थांबल्यावर काही काळ येणाऱ्या आचक्यांनाही लोक श्वासच समजतात, आणि तो गैरसमज तर अधिकच घातक.

यावरचा पहिला उपाय करावयास यंत्र लागत नाही. एक हात कपाळावर, दुसऱ्याची दोन बोटे हनुवटीच्या हाडाखाली. डोके हलकेच मागे, हनुवटी वर, आणि जबड्याबरोबर जीभही पुढे येते. मानेला इजा झाल्याचा संशय असेल तर डोके न हलविता जबड्याचे दोन्ही कोन मागून पुढे ढकलावेत. तेवढ्याने मार्ग खुला न झाल्यास मात्र मान थोडी वाकवावीच लागते, कारण मणक्याची चिंता जिवंत माणसाच्या बाबतीतच करता येते. प्राणवायू तुटला की चार ते सहा मिनिटांत मेंदूला कायमचा अपाय होऊ लागतो. करमाडहून संभाजीनगरातील ‘घाटी’ हे शासकीय रुग्णालय वीसेक किलोमीटर. राज्यात २०१४ साली ९३७ रुग्णवाहिकांनिशी सुरू झालेल्या ‘१०८’ सेवेचे मोल मी जाणतो, तरी या चार मिनिटांत तिने प्रत्येक ठिकाणी पोहोचावे ही अपेक्षाच अवाजवी आहे.

मार्ग खुला असला म्हणजे श्वास पुरेसा आहे, असेही नव्हे. स्वस्थ प्रौढ मनुष्य एका श्वासात सुमारे ५०० मिलिलिटर हवा घेतो; त्यांपैकी १५० मिलिलिटर नळ्यांमध्येच राहून वायुकोशांपर्यंत पोहोचत नाही. मिनिटाला १६ श्वास धरले तर एकूण आठ लिटर, आणि उपयोगी पडणारी ५.६ लिटर. आता धापा टाकणारा रोगी मिनिटाला ४० वेळा दोन-दोनशे मिलिलिटर हवा घेत असेल, तर एकूण भरते तेच आठ लिटर. पण कामी येतात अवघे दोन. ‘श्वास चालू आहे’ एवढी नोंद करून निश्चिंत होणाऱ्या विद्यार्थ्याने हा हिशेब एकदा स्वहस्ते मांडावा.

मराठवाड्यात या प्रकरणाचे एक दारुण पोटकलम आहे, ते कीटकनाशकाच्या विषबाधेचे. सेंद्रिय फॉस्फरसयुक्त विषाने लाळ आणि श्वासनलिकांतील स्राव इतके वाढतात की मनुष्य कोरड्या भूमीवर स्वतःच्याच द्रवात बुडू लागतो, आणि श्वसनाचे स्नायूही दुबळे होतात. घरची माणसे मात्र मिठाचे पाणी पाजून ओकारी काढण्याच्या खटपटीत असतात. शुद्ध जात असताना आलेली ती ओकारी श्वासमार्गात शिरते. त्याला कुशीवर वळवून, तोंड पुसून वाहनात घालावे, हे गावोगावी कोणी सांगितले आहे?

विद्या दूर देशाची आहे, आपल्या लोकांना पेलणार नाही, असे कोणी म्हणेल, तर करमाड १९४८ पर्यंत ज्या निजामी राज्यात होते त्याच राज्याच्या राजधानीत, १८८८ व १८८९ साली, एडवर्ड लॉरी या डॉक्टराच्या पुढाकाराने भूल देण्याच्या क्लोरोफॉर्मसंबंधी दोन चौकशी आयोग बसले होते, याचे स्मरण द्यावेसे वाटते. दुसऱ्या आयोगासाठी निजाम सरकारने पैसा पुरविला आणि ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने लॉडर ब्रंटन यांना विलायतेहून धाडले. नाडीपेक्षा श्वासावर नजर ठेवा, हा त्यांचा निष्कर्ष. क्लोरोफॉर्म थेट हृदयही थांबवू शकतो हे पुढे सिद्ध झाले आणि आयोगाचा आग्रह एकांगी ठरला. पण श्वासावरची नजर भूलशास्त्राने काढून घेतली नाही. पुढे १९५० नंतरच्या दशकात बाल्टिमोर येथे पीटर सफार यांनी औषधाने स्नायू निश्चल केलेल्या स्वयंसेवकांवर प्रयोग करून दाखविले, की हात वरखाली करण्याच्या जुन्या रीतीने छाती हलते पण मार्ग बंदच राहतो, तर डोके मागे करून मुखाने दिलेला श्वास आत पोहोचतो. त्या प्रयोगांत श्वास देणारांमध्ये वैद्यकाचे शिक्षण नसलेली सामान्य माणसेही होती, हा मुद्दा मला निर्णायक वाटतो.

अर्धवट ज्ञान घातक, हा आक्षेप मला ठाऊक आहे. चौघांनी हातपाय धरून उचललेला, मान लोंबकळणारा जखमी आज जीपमध्ये चढतो, तो कोणत्या पूर्ण ज्ञानाच्या आधारे? आणि पोलिसी लचांडाचे भयही आता कायद्याने पुष्कळ कमी केले आहे: मोटार वाहन कायद्यात २०१९ साली घातलेले कलम १३४-अ सद्भावनेने मदत करणाऱ्यास दिवाणी व फौजदारी दायित्वापासून संरक्षण देते. म्हणून माझी तजवीज अशी: आपत्कालीन वैद्यकाच्या प्रत्येक विद्यार्थ्याने करमाडसारख्या गावातील धाबेवाले, रिक्षाचालक, कारखान्यांतील मुकादम यांच्यापैकी काहींना श्वासमार्ग उघडण्यास रीतसर शिकवावे, अंतिम तोंडी परीक्षेत परीक्षकाने स्वरयंत्राच्या कूर्चांची नावे विचारण्यापूर्वी त्या रिक्षाचालकास समोर बोलावून पुतळ्यावर हनुवटी उचलावयास सांगावे, आणि त्याला ते साधले नाही, तर गुण विद्यार्थ्याचे कापावेत.