किल्ली खुंटीवरच राहू द्या



हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा बऱ्याच घरांत बॅगा वजनकाट्यावर चढउतार करत असतील. शाळा संपल्या, मेलबर्नचा उन्हाळा सुरू झाला, आणि मंडळातली खान्देशी कुटुंबे नेहमीप्रमाणे जळगाव-धुळ्याच्या वाटेला लागली. डिसेंबरातच का जायचे, हे खान्देशाबाहेरच्यांना सांगून कळत नाही. त्यासाठी कपाशीच्या काड्यांवर भाजलेल्या वांग्यांचे भरीत, कळण्याची भाकरी आणि शेतातली थंडी एकत्र अनुभवावी लागते.

या वेळी लिहायचे आहे ते मात्र भरीत पार्टीबद्दल नाही, पार्टीहून परत येण्याबद्दल. शेतातून निघायला रात्रीचे अकरा वाजतात. मोठी माणसे जीपमध्ये बसतात, पोरे दुचाक्यांवर. तेवढ्यात मामा किंवा काका तुमच्या-आमच्या सोळा-सतरा वर्षांच्या मुलाच्या हातात मोठ्या प्रेमाने किल्ली ठेवतात. "चालव रे, इथे कोण विचारतंय?" आपणही हसून मान डोलावतो.

याच मुलाच्या शेजारच्या सीटवर बसून आपण महिनोन्‌महिने जीव मुठीत धरलेला असतो. व्हिक्टोरियात एकविशीच्या आतल्या शिकाऊ चालकाला सोबतीला अनुभवी चालक घेऊन 120 तासांची नोंद करावी लागते, त्यातले काही तास रात्रीचे. मग अठराव्या वर्षी नवख्या चालकाचा लाल पी परवाना, त्यानंतर तीन वर्षे हिरवा पी. लाल पीच्या वर्षात गाडीत समवयस्क सोबती एकच चालतो, कारण मित्र वाढले की नवख्या चालकाचा धोकाही वाढतो. 1970 मध्ये सीटबेल्ट सक्तीचा करणारे हे जगातले पहिले राज्य. इथे आपण हे सगळे निमूटपणे पाळतो. आणि जळगावला उतरलो की नवखेपणा, रात्र आणि मित्र हे तिन्ही धोके एकाच स्कूटरवर ट्रिपल सीट बसवून देतो.

हे सांगण्याचा अधिकार मला नाही, हेही कबूल करतो. मी धुळ्याचा. आठवीत असताना वडिलांची एम-एटी घेऊन देवपुरातून पांझरेचा पूल ओलांडून आग्रा रोडला जायचो. घरी आलेल्या पाहुण्यांना आजी अभिमानाने सांगायची, "आमना आंडोर गाडी शिकी ग्या!" बारावीच्या सुट्टीत आमच्या वर्गातला एक मुलगा रात्री फागण्याच्या बाजूने येताना रस्त्यात उभ्या असलेल्या ट्रॉलीवर मागून आदळला. ट्रॉलीला दिवा नव्हता, त्याच्या डोक्यावर हेल्मेट नव्हते. त्या रात्री गल्लीतल्या प्रत्येक घरात पोरांना दम मिळाला, किल्ल्या कपाटात गेल्या. चौथ्या दिवशी गिरणीतून दळण आणायचे होते. किल्ली परत माझ्या हातात आली.

त्या ट्रॉलीचा, त्या दिव्याचा, त्या अंधाराचा दोष मी कितीतरी वर्षे मोजत होतो. किल्लीचा दोष ध्यानात आला तो स्वतः बाप झाल्यावर.

आपले रस्ते सोपे नाहीत, हे खरेच. धुळ्यात मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन मोठे महामार्ग एकमेकांना भेटतात. त्यातला दुसरा कित्येक वर्षे जळगावच्या पोटातूनच गेला आणि समांतर रस्त्यांसाठी जळगावकरांना आंदोलने करावी लागली. गिरणेच्या पुलापलीकडे बांभोरीला विद्यापीठ आणि अभियांत्रिकी महाविद्यालय. कंटेनर, वाळूचे ट्रॅक्टर आणि केळीचे ट्रक यांच्या मधून दुचाकीवर वर्गात जाणाऱ्या मुलांच्या पिढ्या तिथे झाल्या. आता रस्ते रुंद झाले, पण त्यासोबत वेगही वाढला. दुभाजकातली वळायची जागा दूर गेली की गावातला माणूस डिझेल वाचवायला उलट्या बाजूने येतो. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब साधा आहे: सरासरी वेग 1 टक्क्याने वाढला की जीवघेण्या अपघाताचा धोका सुमारे 4 टक्क्यांनी वाढतो. 2022 मध्ये भारतात रस्त्यांवर 1,68,491 माणसे गेली, त्यांत महाराष्ट्रातली 15,224. देशातल्या मृतांपैकी 74,897 जण दुचाकीवर होते, म्हणजे शंभरातले जवळजवळ पंचेचाळीस.

पण आकडे वाचताना आपण आपल्या मुलाला मनातल्या मनात नेहमी एकाच जागी बसवतो, धडक खाणाऱ्याच्या. 7 मे 2024 रोजी जळगाव-पाचोरा रस्त्यावर रामदेववाडीजवळ एका मोटारीने दुचाकीला धडक दिली. दुचाकीवरची आशासेविका आणि तिच्यासोबतची तिन्ही मुले गेली. मोटारीत तरुण मुले होती. अटक झाली ती दोन आठवडे उलटल्यावर. मधल्या काळात, 19 मे रोजी, पुण्याच्या कल्याणीनगरात अशाच एका मोटारीच्या धडकेत दोन तरुण अभियंते गेले होते आणि राज्यभर ओरड झाली होती. दोषी कोण ते न्यायालय ठरवेल. मला रामदेववाडीची बातमी वाचून वेगळीच गोष्ट टोचली. "पोराला काही होऊ नये" म्हणून आपण देवापुढे हात जोडतो. "पोराच्या हातून काही होऊ नये" म्हणून कितीदा जोडतो?

कायद्याला हा प्रश्न सुचला आहे. मोटार वाहन कायद्यात 2019 मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार अल्पवयीन मुलाच्या हातून वाहनाचा गुन्हा घडला, तर पालक किंवा वाहनमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25,000 रुपये दंड होऊ शकतो. गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला पंचविशीपर्यंत परवाना मिळत नाही. म्हणजे आपला लाडका भाचा चार दिवसांसाठी येतो, हौस पुरी करतो, आणि कोर्टाच्या पायऱ्या चढायची वेळ येते मामावर. इथल्या शिकाऊ (एल) परवान्यावर भारतात गाडी चालवता येत नाही. पी असला तरी तो मोटारीचा, स्कूटरचा नव्हे. योग्य परवान्यावाचून अपघात झाला, तर प्रवासविम्याची कंपनीही बहुधा हात वर करते.

म्हणून या सुट्टीसाठी तीनच विनंत्या. पहिली, निघण्याआधी गावी फोन करून स्पष्ट सांगा की पोराला गाडी द्यायची नाही. तिथे गेल्यावर चारचौघांत नाही म्हणणे मामाला जड जाते आणि आपल्यालाही. फोनवर ते सोपे असते. दुसरी, इथून हेल्मेट नेऊ नका. तिथे आयएसआय चिन्हाचेच लागते, तेव्हा ते गावातल्या दुकानातून घ्या. आणि एक नव्हे, दोन घ्या, मागे बसणाऱ्यालाही. चार वर्षांवरच्या प्रत्येकाला ते कायद्याने लागते. परत येताना ती भाच्यांना देऊन या. चॉकलेटांपेक्षा जास्त दिवस टिकतील. तिसरी, भरीत पार्टीला सगळ्यांसाठी एकच मोठी गाडी ठरवा. खर्च वाटून घेतला, तर तो वांग्यांच्या किमतीत खपून जातो.

जानेवारी हा भारतात रस्ता सुरक्षेचा महिना. चौकाचौकांत फलक लागतील, शाळकरी मुलांच्या फेऱ्या निघतील. मुलांनी घोषणा द्याव्यात आणि मोठ्यांनी फुटपाथवरून टाळ्या वाजवाव्यात, असे ते दृश्य असते. मला वाटते, ती फेरी मोठ्यांची निघायला हवी. कारण मूल काही बाजारात जाऊन किल्ली विकत घेत नाही. ती आपल्याच हातून जाते. कधी कौतुकाने, कधी दळणासाठी, कधी नुसते "नाही" म्हणायचा कंटाळा म्हणून.

तर मंडळी, सुखरूप जा. वांगी निवडून घ्या, मिरच्यांचा हात सैल ठेवा, शेकोटीभोवती उशिरापर्यंत बसा. उठताना मुलगा "मी चालवू?" म्हणेलच. त्याला सांगा, "अजून तुझे तास भरायचेत." रुसेल थोडा. सकाळी उरलेले भरीत खाताना विसरून जाईल.

आपला,
संपादक