लांकडी लेखणी आणि घरचीं हत्यारें

आपल्या हातानें केलेली लांकडी लेखणी खिशाला लावून वर्गांत यावें, ही इच्छा शाळेंतल्या कोणत्या मुलास वा मुलीस होणार नाहीं? इच्छा होते, परंतु त्या कामास लागणाऱ्या हत्यारांची यादी व किंमत पाहिली कीं पालकांच्या कपाळास आठी पडते, आणि हा छंद पैसेवाल्यांचा, असें मूल मनाशीं ठरवून टाकतें. आमच्या मतें ही समजूत निम्मी खोटी आहे. लेखणीच्या जोडणीचीं हत्यारें विकत घेण्याचें कांहींच कारण नाहीं. तीं घरीं करावीं, आणि तीं कशीं करावीं हें शाळेनें शिकवावें.

प्रथम लेखणी कशी होते तें सांगितलें पाहिजे. पिळून उघडणाऱ्या साध्या बॉलपेनाच्या संचांत ७ मिलिमीटर जाडीच्या दोन पितळी नळ्या असतात. शिसवाच्या अथवा बाभळीच्या तुकड्यास आरपार भोंक पाडून त्यांत नळी चिकटवावयाची, वरचें लांकूड लेथावर कांतावयाचें, घोटून चकचकीत करावयाचें, आणि शेवटीं धातूचें टोक, पिळाची कळ, पट्टी व टोपी नळीच्या तोंडांत दाबून बसवावयाचीं. ह्या भागांस आटे नसतात. ते केवळ घट्टपणानें धरून राहतात. येथेंच घात होतो. भाग वांकडा शिरला किंवा उतावळेपणानें हातोडी मारली, तर दोन तास कांतलेलें लांकूड एका क्षणांत उभें चिरतें. म्हणून भाग सरळ व सावकाश दाबणारें यंत्र लागतें, आणि बाजारांत त्याचीच किंमत मोजावी लागते.

आतां तें घरीं कसें होतें पाहा. हातभर लांबीची जाड फळी घ्यावी. तिच्या एका टोकास एक ठोकळा पक्का बसवावा. दुसऱ्या टोकाच्या ठोकळ्यास भोंक पाडून त्यांत १० मिलिमीटरचा नट ठोकून चिकटवावा, व त्यांतून सबंध आट्यांचा लांब बोल्ट घालावा. दोहोंच्या मध्यें एक सरकता ठोकळा ठेवावा, व तो डावीउजवीकडे हलूं नये म्हणून दोन्ही बाजूंस पट्ट्या माराव्या. बोल्ट फिरतो, परंतु ठोकळा न फिरतां सरळ पुढें सरकतो. सारी मख्खी एवढीच. लेखणी जेथें टेंकते तेथें जुन्या चपलेच्या चामड्याचे तुकडे चिकटविले म्हणजे चकाकीवर ओरखडा उठत नाहीं. ज्यांच्या घरीं व्हाइस आहे त्यांनीं तर तिच्या जबड्यांस लांकडाच्या दोन चकत्या लावल्या तरी काम भागतें.

आम्ही ह्याहून पुढें जाऊन म्हणतों कीं, नवशिक्यास हें घरचें यंत्र बाजारच्या तरफेच्या यंत्राहून बरें. अशा बोल्टाचे आटे बहुधा १.५ मिलिमीटर अंतरावर असतात. म्हणजे पूर्ण फेऱ्यास ठोकळा तेवढाच सरकतो, आणि पाव फेऱ्यास अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी. पिळाची कळ बसवितांना ह्या हिशेबाचा खरा उपयोग होतो. ती कमी शिरली तर रिफिल बाहेर येत नाहीं. अधिक शिरली तर आंत जात नाहीं, आणि बसलेली कळ मागें ओढणें महाकठीण. पाव फेरा द्यावा, रिफिल घालून पाहावें, पुन्हा पाव फेरा द्यावा. गणिताच्या तासाला कंटाळणारा मुलगा येथें अपूर्णांक बिनतक्रार मोजील अशी आमची खात्री आहे.

बाकीचीं हत्यारें तर घरांत पडलेलींच असतात. नळीस सरस लावून ती भोंकांत सारण्यास टोक केलेली पेन्सिल पुरते. सरस नळीच्या आंत शिरूं नये म्हणून तिचें तोंड कच्च्या बटाट्याच्या चकतींत दाबावें, म्हणजे आपोआप बूच बसतें. कडा काटकोनांत आणण्यासाठीं नळींत सैल न पडणारी सळई एका लांकडी चकतींत उभी ठोकावी, चकतीवर काचकागद चिकटवावा, आणि हातानें फिरवीत जावें. पितळेचें कडें चकाकूं लागलें कीं थांबावें. त्यापुढें घासल्यास नळीच आंखूड होते, व मग रिफिलचें माप चुकतें.

असल्या ओबडधोबड साधनांनीं मुलांस गबाळेपणा लागतो, असा आक्षेप आम्हीं ऐकला आहे. तो आम्हांस मान्य नाहीं. ठोकळा तिरपा बसला तर टोकही तिरपें बसेल. असें हत्यार करणाऱ्यास काटकोन पाहावाच लागतो, विकत घेणाऱ्यास नाहीं. ऑक्टोबर १९३७ मध्यें वर्धा येथें भरलेल्या शिक्षण-परिषदेंत हस्तव्यवसायाच्या द्वारा शिक्षण द्यावें असा विचार झाला, तेव्हां पुढें आली ती तकली, म्हणजे एक सळई आणि एक चकती. आमच्या शाळांतून ज्यांचें नांव रोज घेतलें जातें ते नासरेथकरही सुताराचेंच काम करीत. त्यांच्या काळीं ठोकळे आणि पाचरी कोणी दुकानांतून आणीत नसावे.

परंतु एका ठिकाणीं आम्ही काटकसरीच्या विरुद्ध आहों. दाबयंत्र हाताच्या जोरानें चालतें आणि हात थांबला कीं थांबतें. लेथ तसा थांबत नाहीं. जुन्या मोटारी व पट्टे जुळवून घरीं लेथ उभारण्याची हौस मुलांनीं धरूं नये व पालकांनीं पुरवूं नये. कांतणें व भोंक पाडणें शाळेच्या सुतारशाळेंत, शिक्षकांच्या देखत व्हावें, आणि सैल बाह्या, ओढणी, मोकळे केस ह्यांस तेथें मज्जाव असावा. कांतलेलीं लांकडें मुलांनीं घरीं न्यावीं व आपल्या यंत्रावर जोडावीं. मग पालकांनीं संचाखेरीज बाजारांतून आणावयाचें तें थोडेंच राहतें: एक बोल्ट, एक नट, आणि लेथापाशीं डोळ्यांस लावावयाचा चष्मा. त्यांत चष्मा आधीं आणावा.