दवणा, बोंडू आणि भट्टी

गेल्या महिन्यात एका नव्या परफ्यूमचा नमुना आमच्याकडे आला. कुपीवर फेणीचे नाव, खोक्यावर काजूबोंडांचे देखणे चित्र. पट्टीवर घेतला. आधी व्हॅनिला, मग रमचा बाजारात तयार मिळतो तो अकॉर्ड, शेवटी कॅरॅमल. वास वाईट नव्हता, पण त्यात बोंडू औषधालाही सापडला नाही. त्या दिवसापासून हा विषय मनातून गेलेला नाही.

मद्य गाळण्याच्या परंपरेवर बेतलेल्या परफ्यूमना सध्या मोठी मागणी आहे, आणि आपल्या व्यवसायातले अनेकजण 2020 साली आलेल्या 'एंजल्स शेअर'च्या मागे लागले आहेत. हे परफ्यूम किलियन हेनेसीच्या ब्रँडचे. कोन्याक बनवणाऱ्या हेनेसी घराण्यातला हा माणूस. ओकच्या पिंपांतून दरवर्षी साधारण दोन टक्के मद्य हवेत उडून जाते. फ्रान्समधल्या त्या भागात त्याला देवदूतांचा वाटा म्हणतात, आणि त्या वाफेवर पोसलेली काळी बुरशी गोदामांच्या भिंतींवर चढलेली असते. बेन्वा लापूझा यांनी रचलेल्या या परफ्यूममध्ये कोन्याक, दालचिनी, टोंका आणि ओक आहेत. फ्रापाँ या जुन्या कोन्याक घराण्याने तर आपल्याच नावाने परफ्यूम काढली. ही मंडळी आपल्या घरातली गोष्ट सांगतात, म्हणून ती पटते. आपण तीच गोष्ट पाठ करून म्हणतो आहोत.

कोन्याककडून शिकायचेच असेल, तर ते कसे गाळतात ते शिकावे. आंबट, जेमतेम नऊ टक्क्यांची वाइन तांब्याच्या भांड्यातून दोनदा गाळतात. दुसऱ्या धारेतला पहिला भाग बाजूला काढतात, शेवटचाही काढतात. मधला, सुमारे 70 टक्क्यांचा, तेवढाच पिंपात जातो. त्याला ते काळीज म्हणतात. ते कुठे सुरू झाले आणि कुठे संपले, हे गाळणाऱ्याच्या नाकाला कळावे लागते. पुढे भाजलेल्या ओकमधून व्हॅनिलिन उतरते, ओक लॅक्टोनचा नारळासारखा गोडवा उतरतो. वाइनच्या तळाशी बसलेला यीस्टचा गाळ वाफेने गाळला की कोन्याक तेल मिळते. ते एक टक्क्याहूनही कमी घाला, सगळे मिश्रण वर उचलले जाते. पाव टक्क्यापासून सुरुवात करा, कारण जास्त झाले तर नुसता आंबूस वास येतो.

त्यातून, मद्याचा भास द्यायला जगभरचे परफ्यूमर ज्या तेलाकडे वळतात, ते दवण्याचे. तोच दवणा, जो चैत्रात जोतिबाला वाहतात. त्याच्या तेलात मुरलेल्या जर्दाळूचा, मनुकांचा, ब्रँडीचा वास आहे, आणि ते प्रत्येकाच्या कातडीवर थोडे वेगळे उमलते. त्याची शेती कर्नाटक, तमिळनाडू, आंध्रात होते. आपल्या इतक्या जवळचे हे तेल परदेशी ब्रँडच्या नोट्समध्ये वाचल्यावरच आपल्याला आठवावे, याचे मला वाईट वाटते.

फेणीचेही तसेच. एका एप्रिलमध्ये गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या एका भट्टीवर मी दिवसभर बसलो होतो. तुडवलेल्या बोंडांचा चोथा एका बाजूला रचलेला, त्यावर माश्या, आणि हवेत पिकल्या फळाचा इतका दाट वास की डोळे चुरचुरावेत. आंबलेला रस तांब्याच्या भाणात, तोंड वारुळाच्या मातीने लिंपलेले, खाली काजूच्याच फांद्यांचा जाळ. भट्टीवाले काका दर थोड्या वेळाने पाण्यात बसवलेल्या मडक्यावर ओल्या फडक्याने पाणी मारत होते. पहिल्या धारेचा हुर्राक त्यांनी बोटावर घेऊन हुंगला आणि म्हणाले, "आता थांबवायचं, पुढं नुसतं पाणी येतंय." ना घड्याळ, ना मीटर. मी नंतर हुंगले तेव्हा खरोखरच फळ मागे पडले होते आणि उकडलेल्या भाजीसारखा ओला वास वर आला होता.

कनौजच्या डेग-भपक्याशी या भट्टीचे नाते सांगायला नको: तेच तांबे, तीच लिंपलेली माती, तेच पाण्यात गार होणारे भांडे. दोन्हीकडून निघते तो अर्क, आणि अरबीत त्या शब्दाचा अर्थ घाम. नवव्या शतकात अल्-किंदीने सुगंधांच्या ऊर्ध्वपातनावर ग्रंथ लिहिला, त्या काळापासून ही दोन्ही कामे शेजारीशेजारी वाढली आहेत. आपण अत्तरवाले गाळणाऱ्यांच्याच कुळातले आहोत.

म्हणून माझे म्हणणे स्पष्ट आहे. फेणीला 2009 पासून भौगोलिक मानांकन आहे. ते मद्याचे असले, तरी ते नाव कुपीवर छापणाऱ्याने निदान एकदा भट्टीवर जावे. बोंडाच्या कच्च्या फळासाठी एथिल आयसोव्हॅलरेटपासून सुरुवात करता येईल, धुरासाठी ग्वायाकॉलचा अंश, ओल्या मातीसाठी कनौजचे मिट्टी अत्तर, आणि जोडीला दवणा. ओक मात्र नको, कारण पारंपरिक फेणी लाकडात मुरत नाही. व्हॅनिला त्या नमुन्यात आला तो इथूनच, कोन्याकच्या पिंपातून उसना. आणि ज्यांच्या नाकावर आपण आपला अकॉर्ड तपासून घेऊ, त्या भट्टीवाल्यांना सल्ल्याचे रीतसर मानधन द्यावे.

भट्ट्या मार्चच्या सुमाराला पेटतात आणि पावसाआधी विझतात. जाताना झाकणबंद काचेच्या बरण्या न्या. मी पट्ट्या वहीत घालून आणल्या होत्या. पणजीला पोचून वही उघडली तेव्हा बोंडू उडून गेला होता, धूर तेवढा उरला होता.