नामवंत मोटारींच्या प्रतिकृती : खरेदीदाराने काय पाहावे?

मालाची पारख हा ज्यांचा पिढीजात व्यवसाय, त्यांच्या स्मरणिकेत इंग्लंड-अमेरिकेतील शर्यतीच्या मोटारींविषयी लिहिणे काहींना अप्रस्तुत वाटेल. परंतु आपल्या घरांतील कित्येक तरुण आज त्या देशांत स्थायिक झाले आहेत, हाताशी चार पैसे आहेत, आणि त्यांपैकी काहींना 1950-60 च्या काळातील नामांकित मोटारींचा छंद जडला आहे. अस्सल गाडीची किंमत ऐकूनच छाती दडपते. एक फेरारी 250 जीटीओ 2018 मधील लिलावात 4 कोटी 84 लाख डॉलरला गेली. साहजिकच बाजारात दोन पर्याय पुढे येतात. एक प्रतिकृती, म्हणजे दुसऱ्याच कारागिराने त्या रूपाबरहुकूम बांधलेली गाडी. दुसरी, जिला तिकडे ‘कंटिन्युएशन’ म्हणतात ती; मूळ कारखान्यानेच मध्ये कित्येक दशके लोटल्यावर पुन्हा बांधलेली. पहिली नकली आणि दुसरी अस्सल, अशी सोपी वाटणी बहुतेक लोक करतात. ती आम्हांस मान्य नाही.

जॅग्वार कारखान्याचेच उदाहरण घेऊ. 1963 मध्ये त्याने ई-टाइप गाडीच्या हलक्या, ॲल्युमिनियमच्या शर्यती आवृत्तीसाठी 18 चॅसिस-क्रमांक राखून ठेवले. प्रत्यक्षात गाड्या झाल्या 12. उरलेले 6 क्रमांक वहीत तसेच पडून होते. 2014 मध्ये कारखान्याने जाहीर केले की, त्या 6 गाड्या आता बांधावयाच्या. तसेच, 12 फेब्रुवारी 1957 रोजी कॉव्हेंट्री येथील ब्राउन्स लेनच्या कारखान्यास आग लागून एक्सकेएसएस जातीच्या 9 गाड्या भस्मसात झाल्या होत्या; 2016 मध्ये त्या 9 गाड्यांची भरपाई करण्याचे ठरले. कारागिरी उत्तम, यात संशय नाही. पण व्यापाऱ्याच्या नजरेने पाहावे. ज्या वर्षाची वही बंद होऊन हिशेब पुरा झाला, तिच्या कोऱ्या ओळीवर 50 वर्षांनी नवी नोंद घालणाऱ्या मुनिमास आपण काय म्हणू? कारखान्याने हे सारे उघडपणे सांगून केले, म्हणून त्यास लबाडी म्हणता येत नाही; परंतु क्रमांक कोरा होता एवढ्यावरून 2014 नंतरची गाडी 1963 ची होत नाही.

शिवाय अशा बहुतेक गाड्या शर्यतीच्या बंदिस्त मार्गावरच चालवावयाच्या असतात. ॲस्टन मार्टिनने 2017 मध्ये डीबी4 जीटीच्या 25 आणि पुढे 2020 मध्ये सिनेमातील जेम्स बाँडच्या डीबी5 च्या 25 नव्या गाड्या काढल्या. दुसरीची किंमत कर सोडून 27 लाख 50 हजार पौंड. तिला सिनेमातल्याप्रमाणे फिरती नंबरपाटी आहे. मात्र ती पाटी घेऊन सार्वजनिक रस्त्यावर उतरण्याची परवानगी नाही!

याउलट कोब्रा गाडीची स्थिती पाहावी. कॅरोल शेल्बी या अमेरिकन शर्यतपटूने इंग्लंडच्या एसी कारखान्याच्या लहान गाडीत फोर्डचे व्ही-8 इंजिन बसवून 1962 मध्ये ती घडविली. मूळ गाड्या सुमारे 1,000. प्रतिकृती मात्र अगणित. त्यांत काचतंतूचे सांगाडे आहेत, सुटे भाग विकत घेऊन हौशी माणसाने घरच्या गराजात जुळविलेल्या गाड्या आहेत, आणि उत्तम कारखान्यांचे कामही आहे. येथे नावापेक्षा जोडणाऱ्याचा हात पाहावा लागतो. चॅसिसचे वेल्डिंग कसे आहे, त्या ताकदीच्या इंजिनास ब्रेक पुरे पडतात काय, उन्हाळ्यात पाणी तापते काय, आणि जुळणीच्या पावत्या जपून ठेविल्या आहेत काय, हे विचारल्यावाचून रक्कम मोजू नये. रंग आणि चकाकी यांना भुलणारा खरेदीदार कापडाचा पोत न पाहता नुसता काठ पाहून ठाण उचलतो.

त्याहून महत्त्वाचा कागद नोंदणीचा. इंग्लंडात ज्या गाडीचे वय किंवा मूळ निश्चित ठरत नाही, तिला ‘क्यू’ अक्षराने आरंभ होणारा क्रमांक मिळतो. हौशी मंडळी या अक्षरास नाके मुरडतात. आम्हांस ते प्रामाणिकपणाचे चिन्ह वाटते. भय आहे ते दुसऱ्याच गाडीचे: एखाद्या मोडीत गेलेल्या जुन्या गाडीचा क्रमांक धारण करून मिरविणाऱ्या नव्या गाडीचे. अमेरिकेत 2015 च्या कायद्याने लहान कारखान्यांना अशा तयार प्रतिकृती वर्षाकाठी 325 पर्यंत विकण्याची वाट मोकळी केली. त्याचे नियम मात्र काही वर्षांनंतर झाले. मालाचे खरे नाव सांगून विकण्याची ही सोय आम्ही स्वागतार्ह मानतो.

मूळ कारखान्यांना मात्र हे नेहमीच रुचते असे नाही. स्वीडनमधील एका दांपत्याने जॅग्वार सी-टाइपची प्रतिकृती परिश्रमाने उभी केली, तेव्हा कंपनीने त्यांना न्यायालयात खेचले. 2020 मध्ये निकाल कंपनीच्या बाजूने लागला. 2023 मध्ये वरिष्ठ न्यायालयाने तो फिरविला. दरम्यान, 2021 मध्ये, सी-टाइपची स्वतःची ‘कंटिन्युएशन’ आवृत्ती कंपनीने जाहीर केली होती. ज्याला स्वतःच तो माल पुन्हा विकावयाचा आहे, त्याच्या रक्षणाच्या भाषेकडे थोडे सावधपणे पाहावे.

रस्त्यावर गाडी हाकण्याचा आनंद ज्याला हवा, त्याने आमच्या मते इंग्लंडच्या केटरहॅमचा विचार आधी करावा. कॉलिन चॅपमन यांची लोटस सेव्हन 1957 ची. 1973 मध्ये तिचे हक्क केटरहॅमने घेतले आणि गाडी बनतच राहिली. मध्ये खंडच नाही, म्हणून जुन्या क्रमांकाची उसनवारीही नाही. तिची बैठक अडचणीची आहे आणि पावसात प्रवास नकोसा होतो, हेही सांगितले पाहिजे.

अशी गाडी पुढे हिंदुस्थानात आणून ‘व्हिंटेज’ म्हणून मिरविण्याचा बेत कोणी करीत असेल, तर तो आताच सोडावा. 2021 च्या केंद्रीय नियमांप्रमाणे ‘व्हीए’ अक्षरांची नोंदणी पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षे उलटलेल्या व मूळ स्वरूपात जतन केलेल्या गाडीसच मिळते. काल बांधलेल्या गाडीचे रूप कितीही जुने असो, आणि ती मूळ कारखान्यातून आलेली असो वा शेजारच्या गराजातून, त्या रकान्यात तिला जागा नाही.